एका दगडातले दोन त्रिखंडी

सांगलीच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवते, त्याला आता एकवीस वर्षं झाली. दरवर्षी दुसऱ्या सत्रात एक आठवडा त्रिखंडींचा असतो. इंग्रजीत त्यांना ट्रायलोबाइट म्हणतात. पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी रांगणारा हा प्राणी आज पृथ्वीवर कुठंच उरलेला नाही. अंगाचे उभे तीन भाग दिसतात म्हणून त्रिखंडी. तो शिकवायला आमच्या विभागात प्लास्टरचे चार नमुने होते, आणि त्यातल्या एकाचं डोकं माझ्या आधीच्या कुणीतरी पाडलेलं होतं.

खरा त्रिखंडी आमच्या भागात मिळणं शक्यच नाही. सातारा-सांगलीचा सगळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि तो बाहेर पडला तेव्हा शेवटचा त्रिखंडी मरून कितीतरी कोटी वर्षं उलटली होती. मुलांना मी दरवर्षी हसत सांगायचे, ‘आपल्या डोंगरात कुणी त्रिखंडी दाखवला तर मी नोकरी सोडते.’

मला तो डोंगरात नाही, खिडकीत सापडला.

वडूजच्या पलीकडं आमचं गाव आहे. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या चुलत्यांना भेटायला गेले होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. साताऱ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून ते बाहेरच्या खोलीत कॉटवर पडून होते आणि पडून राहायला सांगितल्याबद्दल डॉक्टरांवर चिडलेले होते. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरंच होती. तात्याही लहानपणी मेंढरांमागं हिंडले, मग शाळा शिकले आणि तिथून फौजेत गेले. इंजिनिअर पलटणीत असल्यामुळं त्यांची निम्मी नोकरी हिमालयात रस्ते करण्यात गेली.

दुपारी वारं सुटलं. आमच्याकडं वारं सुटलं की खिडक्या आपटायला लागतात.

“ती खिडकी लाव गं,” काकी आतून म्हणाली.

खिडकीचं दार उघडं राहावं म्हणून खाली एक चपटा दगड टेकवलेला होता. लहानपणापासून तो तिथंच बघत आले होते. म्हणजे त्याची पाठ बघत आले होते. दगड उचलला, बाजूला ठेवताना हातात उलटा झाला, आणि मी एवढ्यानं ओरडले की काकी केरसुणी घेऊनच धावत आली.

“इच्चू हाय का? कुठं गेला?”

“इच्चू न्हाई काकी, त्रिखंडी हाय!”

“म्हंजी चावतोय का?”

“कोन चावतंय?” तात्या कॉटवरून उठून बसले.

तळहाताएवढा राखाडी-हिरवट दगड, आणि त्यावर अंगठ्याएवढा गंजाच्या रंगाचा प्राणी. अर्धगोल डोकं, मधोमध उंचवटा आणि खाली एकाखाली एक बसलेल्या बारीक कड्या. शेपटीच्या जागी दगड तुटलेला होता. चाळीस वर्षं तो आमच्या भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि मी प्लास्टरच्या मुंडकं नसलेल्या नमुन्यावर मुलांना शिकवत होते!

दगड तात्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं नाही, बोटानं चाचपला.

“ह्यो व्हय? ह्यो स्पितीतला किडा.” गल्लीतला माणूस ओळखावा तसं ते म्हणाले.

“तात्या, तुमाला म्हाईत हुतं?”

“किडा हाय ह्ये दिसतंयच की. रस्त्याचं काम चाललं हुतं. सुरुंग उडवला, दगडांचा खच पडला. त्यावर भाकरी खायला बसलो तर खालनं टोचाय लागलं. काढून बघतो तर ह्यो. लय हुती तसली. म्या येकच आणला. सुट्टीला येताना ट्रंकंत टाकला.”

“लोकांची मानसं शाली आणत्यात,” काकी म्हणाली, “ह्यांनी दगूड आणला.” आणि केरसुणी घेऊन परत आत गेली.

मी कागद शोधायला लागले. जीवाश्म कुठल्या जागी, कुठल्या थरात सापडला हे कळलं नाही तर त्याचा अभ्यासाला फारसा उपयोग नसतो. पण इतक्या वर्षांपूर्वीची जागा कुणाला आठवणार, अशी भीती वाटत होती. तात्यांना मेंढपाळाची नजर आहे, हे मी विसरले होते. त्यांनी डोळ्यांच्या औषधाच्या चिठ्ठीच्या मागं पेनानं रेघा ओढल्या.

“ही पिन नदी. हितं पूल. पुलावरनं वर गेलं की दोन नालं लागत्यात. दुसऱ्या नाल्याचं पाणी लाल. त्यो वलांडला की डाव्या हाताला कडा, त्येला घोंगडीगत पट्टं हाईत. खालनं तिसरा पट्टा. त्यातला हाय ह्यो.”

“नक्की तिसरा?”

“आगं, म्या सुरुंग लावलाय त्येला. मला न्हाई म्हाईत तर कुणाला?”

दगड न्यायला त्यांनी लगेच परवानगी दिली, फक्त एवढंच विचारलं, “सरकारी माल तर न्हवं गं? इतक्या वर्सानं पेन्शनीला घोर नगं.” मी म्हणाले, ज्यांना कळतं त्यांना विचारून सगळं रीतसर करू.

दुसऱ्या दिवशी विटा, तासगाव करत एसटीनं सांगलीला आले. दगड टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. शेजारच्या बाईंनी विट्याच्या पुढं न राहवून विचारलं, “देव हाय का ताई?” मी म्हणाले, “नाही, जुना किडा आहे.” त्या थोड्या सरकून बसल्या.

सुट्टी असल्यानं कॉलेजात कुणी नव्हतं. शिपायाकडून प्रयोगशाळेची किल्ली घेतली, दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि डोळा लावला. त्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल नीट सांगता येत नाही. कड्यांच्या कडेचे बारीक ठिपके दिसत होते. डोक्यावरच्या खाचा दिसत होत्या. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखे दोन भलेमोठे डोळे! असे डोळे रेडलिकिया नावाच्या त्रिखंडीचे असतात, आणि तो स्पितीत सापडतो हे पुस्तकात आहे. झालं, ओळख पटली. मी फोटो काढून साताऱ्याला माझ्या सरांना पाठवला आणि लगोलग फोन लावला.

सरांनी मला एम.एस्सी.ला जीवाश्म शिकवले. आता वय ऐंशीच्या पुढं, पण आवाज तोच.

“सर, रेडलिकिया आहे! डोळे बघा केवढे!”

“कड्या किती?”

“कड्या... मोजायच्या आहेत अजून.”

“मग बारसं कसलं करतेस? आधी मोज. आणि साफ कर. त्या डोळ्यांवर काहीतरी बसलंय.”

फोन ठेवला तेव्हा थोडा राग आलेला होता. कड्या मोजल्या. तेरा. परत मोजल्या. तेराच. मग सुई घेऊन साफ करायला बसले. हे काम फार हळू चालतं. सुईचं टोक दगडात रुतवायचं नाही, फक्त लागून असलेला कण ढिला करायचा आणि ब्रशनं उडवायचा. दिवाळीची उरलेली सुट्टी त्यातच गेली. तिसऱ्या दिवशी डाव्या डोळ्याची चंद्रकोर जागची हलली आणि अख्खी निघून ब्रशला चिकटली. तो डोळा नव्हताच. गंजलेल्या खनिजाची खपली होती. खाली खरा डोळा होता, तिळाएवढा, डोक्याच्या मध्यभागाला अगदी लागून.

रेडलिकिया गेला. दोन मिनिटं रडू येईल असं वाटलं. मग त्या तिळाएवढ्या डोळ्याकडं परत बघितलं आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. कारण असा लहान डोळा, अशी खाचांची ठेवण म्हणजे एक निराळाच मोठा गट. ह्या गटाची अडचण अशी की त्यात शेकडो जाती आहेत आणि सगळ्या एकमेकींच्या चुलतबहिणींसारख्या दिसतात. भलेभले अभ्यासक त्या गटापाशी येऊन थांबतात आणि जातीच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून देतात. म्हणजे माझ्या पुढ्यात सोपं उत्तर नव्हतं, खरंखुरं कोडं होतं. सरांना कळवलं. ते फक्त “हं,” म्हणाले. पण पाठोपाठ त्यांचा मेसेज आला, कुठले कुठले जुने लेख काढ त्याची यादी.

डिसेंबरात दगडाचा एक कोपरा साफ करताना नखाएवढा पापुद्रा उडाला आणि खाली दुसरा त्रिखंडी निघाला!

तो पूर्ण नव्हता, डोकं आणि पाच कड्या एवढाच. पहिला दगडाच्या लांबीच्या दिशेनं पसरलेला, हा त्याला बरोबर आडवा. पहिला सडपातळ, लांबट डोक्याचा. हा बुटका, पसरट डोक्याचा. एकाच दगडात दोन जाती! त्या दिवशी मी घरी चालत गेले, आणि गाडी कॉलेजातच राहिली हे दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं.

सर फोनवर म्हणाले, “तळहाताएवढ्या दगडात दोन? असतीलही. फरक लिहून काढ.”

मी फरक लिहून काढले. पहिल्याचं डोकं लांब, दुसऱ्याचं रुंद. पहिल्याच्या कड्या अरुंद, दुसऱ्याच्या ऐसपैस. मग साम्यं लिहून काढली. खाचा दोघांच्याही तीन जोड्या. डोळा दोघांचाही त्याच जागी. डोक्याच्या पुढची कड दोघांचीही बारीक. दोन याद्या शेजारी शेजारी होत्या आणि त्या काय सांगत होत्या ते मला दिसलं नाही. हिमालय घडताना तिथले दगड चेपले गेले, ताणले गेले, त्यातले जीवाश्मही वाकडेतिकडे झाले, हे मी मंगळवारच्या तासाला शिकवते. त्रिखंडी गुरुवारच्या तासाला. मंगळवार आणि गुरुवार माझ्या डोक्यात कधी एकत्र आलेच नव्हते.

दोन महिने लेख चाळले. सडपातळ एका देशातल्या जातीसारखा दिसे, बुटका दुसऱ्याच देशातल्या. मला तर ते फारच भारी वाटायला लागलं होतं. विज्ञान दिन जवळ आला तेव्हा मी कॉलेजसाठी मोठा फ्लेक्स करायचं ठरवलं: वर दगडाचा फोटो, खाली ‘सांगलीत दोन जातींचे त्रिखंडी’.

फ्लेक्सच्या दुकानात नेहमीसारखी गर्दी होती. सांगलीत रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो आणि प्रत्येक वाढदिवसाला चौकात गॉगल घातलेला फोटो लागतो. दुकानाचे मालक पन्नाशीचे, पूर्वी हातानं बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर ते कॉम्प्युटर शिकले. माझा पेन ड्राइव्ह लावून त्यांनी फोटो उघडला आणि मान हलवली.

“मॅडम, बॅनर उभा हाय, फोटो आडवा. जरा दाबाय लागंल.”

“दाबू नका हो, बिघडेल.”

“काय बिघडत न्हाई. आम्ही रोज दाबतो. परवा एकाचं तोंड चौकटीत बसंना, तर इतकं दाबलं की त्याच्या आईनं इचारलं, ह्यो कोन?” आणि बोलता बोलता त्यांनी माउस धरून फोटोची उजवी कड डावीकडं सरकवायला सुरुवात केली.

मी पडद्याकडं बघत होते. दगड अरुंद होत चालला. आडवा पसरलेला सडपातळ त्रिखंडी आखूड व्हायला लागला. दगडाच्या कोपऱ्यातला उभा, बुटका त्रिखंडी अंग चोरून सडपातळ व्हायला लागला. एक आखूड होतोय, दुसरा बारीक होतोय. दोघं एकमेकांच्या जवळ यायला लागले.

“थांबा!” मी एवढ्यानं ओरडले की त्यांनी माउसच सोडला.

“काय झालं? सेव्ह केलेला न्हाई अजून.”

“मागं घ्या. थोडं. आता परत दाबा. हळू. अजून थोडं. बास! हलवू नका!”

पडद्यावर दोन सारखे त्रिखंडी होते. एक आडवा, एक उभा, पण डोकं तेच, उंचवटा तोच, कड्यांची रुंदी तीच. दोन जाती नव्हत्याच! डोंगरानं दगड एका दिशेनं ताणला होता. त्या दिशेला लांबीनं पडलेला लांबट झाला आणि त्या दिशेला आडवा पडलेला रुंद झाला. दोन महिने मी ज्या दोन जाती वेगवेगळ्या देशांत शोधत होते, त्या एकाच जातीच्या दोन प्राण्यांच्या ओढाताण झालेल्या आकृत्या होत्या. आणि आता पहिल्यांदाच खरा आकार समोर होता.

“दुसऱ्याला फिरवून पहिल्यावर ठेवता येईल का? आरपार दिसेल असा?”

“त्यात काय,” ते म्हणाले. दुसरा कापला, फिरवला, फिका केला आणि पहिल्यावर सरकवला. खाचेवर खाच बसली. डोळ्यावर डोळा बसला. मी टाळ्या वाजवल्या. पुतण्याच्या वाढदिवसाचा बॅनर न्यायला आलेले एक गृहस्थ मागून विचारत होते, “काय झालं, काय झालं?”

“मॅडमचा किडा जुळला,” मालक म्हणाले. मग पडद्याकडं निरखून बघत त्यांनी स्वतःच भर घातली, “पेंटिंग करायचो तवा चौकटी आखून घ्यायचो. चौकट ताणली की चित्र ताणतंय. ह्यो तुमचा दगूड म्हंजी ताणलेली चौकट हाय.”

मी एकवीस वर्षांत मुलांना इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. त्यांना त्या जुळलेल्या चित्राची प्रत काढून द्यायला सांगितली. ‘दोन जातींचे’ हे शब्द अर्थातच खोडले.

रविवारी साताऱ्याला गेले. सरांनी दार उघडलं तेव्हा मी चपला काढायच्या आत प्रिंट त्यांच्या हातात दिलं. ते उजेडाला खिडकीशी गेले. मग खिशातून पट्टी काढून दोन्ही मापं घेतली आणि पट्टी परत खिशात ठेवली.

“हे मी तुला शिकवलं होतं,” ते म्हणाले.

“हो सर.”

“आणि फोटो बघताना मीही विसरलो.” मग एकदम हसले. “फ्लेक्सच्या दुकानात? चल, बस खाली. झेरॉक्स आणल्यास ना?”

खुर्च्या सरकवून आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि लेखांची पानं अंथरली. सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या तर कप ठेवायला जागा नव्हती. खरा आकार हातात आल्यावर सगळंच बदललं होतं. ज्या दोन परदेशी जातींशी मी जुळवत होते त्या दोन्ही बाद झाल्या. तासाभरात सरांनी एक पान उचललं. स्पितीतलीच एक जात, जवळच्याच खोऱ्यातली. डोकं जुळत होतं. डोळा जुळत होता.

“पुढची कड बघ,” सर म्हणाले.

चित्रातल्या प्राण्याच्या डोक्याची कड जाड होती, आमची बारीक. त्याच्या कड्या चौदा, आमच्या तेरा. त्याची शेपटी कडेनं गुळगुळीत दाखवलेली, आणि आमच्या दोन्ही त्रिखंडींना शेपटीच नाही.

“तोच असेल, कड्या पुऱ्या फुटायच्या आधीच्या वयातला?”

“असू शकतो.”

“की निराळाच?”

“तेही असू शकतं. आत्ता सांगता येत नाही.” सांगता येत नाही हे वाक्य मी इतक्या आनंदानं म्हटलेलं कधी ऐकलं नव्हतं. सरांचे कान लाल झाले होते.

पुढं त्यांनीच मला उत्तरेकडच्या एका संस्थेतल्या बाईंचा पत्ता दिला. स्पितीतल्या ह्याच थरांवर त्यांचं काम आहे. मी फोटो, मापं आणि तात्यांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. आठवड्याभरात त्यांचं उत्तर आलं: ज्यांनी दगड उचलला त्यांच्याशी बोलता येईल का?

म्हणून मार्चमध्ये पुन्हा गावी गेले. तात्यांचा चष्मा निघाला होता. ते फौजेतली टोपी घालून मोबाइलसमोर ताठ बसले आणि काकी त्यांच्या मागं, पण पडद्यात दिसेल अशी. बाईंनी हिंदीत जागा विचारली. तात्यांनी पूल सांगितला, दोन नाले सांगितले, लाल पाणी सांगितलं.

“और तिसरा पट्टा, मॅडमजी. नीचे से तिसरा. बारूद हमने खुद लगाया था.”

पलीकडं बाई नकाशा उघडत होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या की लाल पाण्याच्या नाल्यापर्यंत त्यांची माणसं गेली आहेत, पण त्याच्या पुढं कुणी कधी गेलेलं नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की जाऊ. तात्यांनी पेन्शनीबद्दलही विचारून घेतलं. त्या हसल्या, म्हणाल्या, दगड संस्थेच्या संग्रहात द्या, शोधणाऱ्याच्या जागी तुमचं नाव लागेल. तात्यांनी पडद्याला सलाम केला.

दगड मी स्वतः नेऊन दिला. त्याआधी साचा करून एक प्लास्टरचा नमुना कॉलेजसाठी ठेवून घेतला. संस्थेत चिठ्ठी भरताना बाईंनी प्रजातीचं, म्हणजे जातीच्या वरच्या गटाचं, नाव लिहिलं, जातीच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि पेन माझ्याकडं दिलं. शोधणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, तालुका हे सगळं मी लिहिलं.

गावात मात्र बातमी भलतीच पसरली. तात्यांच्या किड्याला दिल्लीनं बोलावून घेतलं, असं कुणीतरी सांगितलं. मी मेमध्ये गेले तर ओट्यावर माणसं दगड घेऊन बसलेली. गारगोटी, चुनखडीचे गोळे, विहिरीतला चकाकणारा दगड, सगळं. एकेकाला नीट सांगितलं काय आहे ते. कुणी नाराज झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी आणखी दगड आले.

सप्टेंबरात आमच्या अंतर्गत परीक्षा असतात. वर्गात पर्यवेक्षण असलं की फोन बघता येत नाही. खिशात तो दोनदा थरथरला, तिसऱ्यांदा थरथरला. घंटा झाली, पेपर गोळा केले, गठ्ठ्याला दोरी बांधता बांधता फोन काढला. बाईंचे तीन फोटो होते. पहिल्यात कडा, दुसऱ्यात कड्याखाली बसलेली त्यांची माणसं. तिसऱ्यात दगड, त्यावर पेन ठेवलेलं आणि पेनाच्या टोकाशी आमच्यासारख्याच तेरा कड्यांच्या त्रिखंडीची शेपटी.

शेपटीच्या कडेला दोन बारीक काटे होते.

मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. काटेच होते. लेखातल्या जातीची शेपटी गुळगुळीत. खाली बाईंनी लिहिलं होतं: ‘त्या जातीचा असण्याची शक्यता आता कमी. पण लहान वयात काटे असून पुढं झडतही असतील. अजून नमुने हवेत. नाव इतक्यात नको.’

गठ्ठ्याची दोरी मी सोबतच्या मॅडमच्या ओढणीसकट बांधली होती. ती सोडवून घेईपर्यंत मी तात्यांना फोन लावलाही होता. तात्या रानात होते. वाऱ्याचा आवाज येत होता.

“तात्या, शेपूट घावलं! काटं हाईत त्येला!”

“हाईत का? मग नाव ठरलं म्हन की.”

“न्हाई अजून. अजून दगड लागत्यात.”

“मग लागू देत. तितं काय कमी हाईत व्हय? आन ऐक, त्या बाईंना म्हनावं, कड्याखाली बसू नगा. वरनं दगूड सुटत्यात.”

बाईंना ते जसंच्या तसं कळवलं. मग सरांना फोटो पाठवला. पाठवल्या पाठवल्या त्यांचा फोन आला, आणि आम्ही दोघं एकाच वेळी बोलायला लागल्यानं कुणाला काही कळलं नाही. शेवटी ते म्हणाले, “उद्या येतेस?” मी म्हणाले, “येते.”

त्यानंतर प्रॅक्टिकलचा तास होता. मुलं अजून आली नव्हती. मी फळा पुसला, लांबट नाही, बुटका नाही, खऱ्या आकाराचा त्रिखंडी काढायला घेतला. अर्धगोल डोकं, बारीक कड, तिळाएवढे डोळे, तीन जोड्या खाचा, तेरा कड्या. मुलं एकेक करून आत येत होती आणि बाकावर बसायचं सोडून फळ्याजवळच थांबत होती. शेपटीचा दुसरा काटा काढताना खडू मोडला. खाली वाकून तुकडा उचलला आणि काटा पुरा केला.